पितळी दागिन्यांची घरच्या घरी निगा

लग्नसराई आली, जत्रा आली की पेटीच्या तळाची डबी वर निघते. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, नथ, बांगड्या! सोन्याचा भाव पाहता बहुतेक घरांत यांतले निम्मे-अधिक जिन्नस आता पितळेचे, नाहीतर पितळेवर सोन्याचे पाणी दिलेले असतात. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. पण डबी उघडावी तो सगळे काळवंडलेले, सांध्यांत हिरवा जंगाल धरलेला. मग घाईघाईने लिंबाची फोड घेऊन खसाखसा घासले जाते आणि दोनशे-चारशे रुपयांची माळ एका सकाळीत कामातून जाते. थोडी समजूत असली तर हे सहज टळते.

पहिली गोष्ट ही की, दागिना निव्वळ पितळेचा आहे की वरून मुलामा दिलेला आहे, ते आधी पाहून घ्यावे. दोन्हींची रीत अगदी निराळी आहे. मागची बाजू, फासा आणि मण्यांच्या कडा उजेडात धरा. घर्षणाच्या जागी एक रंग आणि खोबणीत दुसरा रंग दिसला, तर तो मुलामा समजावा. बाजारात ज्याला 'एक ग्रॅमचा दागिना' म्हणतात तोही याच जातीचा. त्याच्या नावावर जाऊ नका. वरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की केसाची जाडीही त्यापुढे मोठी म्हणावी. तो घासला की गेलाच. लोहचुंबक लावून पाहण्याचा उपाय पुष्कळजणी करतात. चुंबकाला दागिना चिकटला तर आत लोखंड आहे एवढे कळते. पितळ आणि सोने मात्र दोन्ही चिकटत नाहीत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

मुलाम्याच्या दागिन्याला लिंबू, चिंच, राख, खाण्याचा सोडा, दात घासायची पेस्ट यांपैकी काहीही लावू नका. कोमट पाण्यात रिठ्याचा थोडा फेस करावा, त्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा बुडवून पिळून घ्यावा आणि दागिना हलक्या हाताने पुसावा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. रंग गेलाच असेल तर घासून तो परत येत नाही. दुकानातून पुन्हा पाणी चढवून घेणे एवढाच त्यावर उपाय.

आता निव्वळ पितळ. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांची मिश्र धातू. लोखंडासारखे ते गंजून झडत नाही. पण हवा, ओल आणि घामातले मीठ लागले की वरचे तांबे काळवंडते, पुढे हिरवे पडते. चिंचेतले व लिंबातले आम्ल हा थर विरघळवते. देवाची भांडी चिंचेने लखलखतात ती यामुळेच. दागिन्याला मात्र भांड्याची जबरदस्ती नको. आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन घामाचा व तेलाचा मळ काढा, नाहीतर चिंच खालपर्यंत पोचतच नाही. चिंचेचा दाट कोळ बोटांनी लावून दोन-तीन मिनिटे चोळा. नक्षीच्या खाचांसाठी दात घासायचा जुना, मऊ ब्रश चालतो. काम झाले की भरपूर पाण्याने धुवा. मग चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढा, म्हणजे खाचांत उरलेले आम्ल मरते, आणि पुन्हा एकदा धुवा. हा सोड्याचा हात बहुतेकजणी देत नाहीत आणि 'कालच घासले, आज पुन्हा हिरवे' अशी तक्रार करतात.

रात्रभर चिंचेत भिजत घालण्याची रीत काही घरांत आहे. ती सोडून द्यावी. फार वेळ आम्लात राहिले की वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि पिवळे पितळ तांब्यासारखे लालसर दिसू लागते. राखही वस्त्रगाळ असली तरी हंड्या-कळश्यांपुरतीच ठेवा. रांगोळीने तर घासूच नका. ती दगडाची पूड, नक्षीवर चरे पाडते.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचे धुणे पागोळीच्या धरलेल्या पाण्याने किंवा फिल्टरच्या पाण्याने करावे. पुसल्यावर दागिना सावलीत वाऱ्यावर तास-दोन तास ठेवा. सांध्यांत ओल राहिली तर सगळी मेहनत फुकट.

मोत्यांची नथ कधीही चिंचेत बुडवू नये. खरा मोती म्हणजे शिंपल्यासारखा चुनाच. आम्लाने तो झिजतो आणि निस्तेज होतो. नकली मोत्याचे वरचे चकाकते पापुद्रे सुटतात. अशा नथीची फक्त तार कापसाच्या बोळ्याने पुसा. ठुशी आणि पोत दोऱ्यात गाठवलेली असते. दोरा भिजला की आतून कुजतो आणि ऐन लग्नात माळ तुटते. आजीच्या वेळची बोरमाळ असेल तर तिच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून गरम पाणी वर्ज्य. डबीत खऱ्या सोन्याचा जिन्नस मिसळला आहे अशी शंका असेल तर कशालाही हात लावण्याआधी ओळखीच्या सराफाला दाखवावा.

आणि दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्यापासून सावध राहा. याची रीत ठरलेली असते. पुरुषमंडळी रानात गेल्यावर दुपारी तो येतो. आधी तुमचा पितळी तांब्या किंवा समई फुकटात चकचकीत करून देतो. विश्वास बसला की म्हणतो, 'ताई, गळ्यातलेही द्या, नव्यासारखे करून देतो.' त्याच्याजवळच्या पाण्यात सोने विरघळवणारी तीव्र आम्ले असतात. दागिना चमकून परत येतो, पण वजन घटलेले असते, आणि गेलेले सोने त्याच्या डब्यात. कधी हळदीच्या पाण्यात घालून 'अर्ध्या तासाने उघडा' म्हणून डबाच बंद करून देतात. उघडावा तर आत काहीच नसते. म्हाताऱ्या सासूबाई घरी एकट्या असतात, त्यांच्या कानावर हे अगोदरच घालून ठेवा.

ठेवण्याचेही तंत्र आहे. प्रत्येक जिन्नस सुती फडक्यात वेगळा गुंडाळून, हवा दाबून काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी येते, ती टाकून न देता डबीत टाका. मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नका. पुडी नसेल तर फळ्यावर लिहायच्या खडूचा तुकडाही चालतो. रबर लावून बांधू नका, रबरातल्या गंधकाने पितळ काळे पडते. द्राक्षाच्या बागेत गंधक मारायच्या दिवशीही दागिने घरीच उतरवून जावे, हे त्याच कारणाने. काहीजणी कडुलिंबाचा पाला घालतात. तो धान्याला ठीक आहे; पितळ काही किडे खात नाहीत, आणि ओल्या पाल्याची वाफ मात्र धरते.

अंगाला हिरवा डाग पडला तर भिऊ नये, साबणाने जातो. दागिन्याच्या आतल्या अंगाला नखांचे बिनरंगी पॉलिश लावले तर डागही पडत नाही. ते झिजले की पुन्हा लावावे. पण खाज सुटली, पुरळ उठले तर मुलाम्याखालच्या निकेलचा संशय घ्यावा आणि तो दागिना घालणे बंद करावे. नुकतेच टोचलेल्या कानात पितळ घालू नका. तान्ह्या मुलांना तर पितळी दागिना नकोच. पितळ सहज कापले जावे म्हणून त्यात कधी कधी थोडे शिसे मिसळलेले असते आणि मूल हाताला लागेल ते तोंडात घालते.

घरातल्या माणसांइतकाच बैलांचाही साज असतो. पोळा-बेंदूर झाला की घुंगरमाळा आणि शिंगांच्या शेंब्या गोठ्याच्या खुंटीवर टांगून ठेवतात. ही जागा पितळेची वैरीण. इंग्रजी अमदानीत आपल्या देशात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतापासून सुटणारा अमोनिया आणि हवेतली ओल हे त्याचे कारण असल्याचे १९२१ साली संशोधकांनी दाखवून दिले. गोठ्यात तीच हवा असते. भिजलेल्या युरियाच्या पोत्याशेजारीही तोच धोका. घुंगरू चामड्याच्या पट्ट्यावर असतील तर पट्टा भिजवू नका. एकेक घुंगरू ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा, पट्ट्याला थोडे तेल चोळा आणि माळ घरात माळ्यावर, चुलीच्या धुरापासून दूर, कापडी पिशवीत टांगा. वर्षभराने काढाल तेव्हा तिला चिंच लावावीही लागणार नाही.