बाहेर ठिणगी, आत मिसिंग

पातूरचा घाट चढून मेडशीकडे येताना जुन्या स्कूटरचं दुखणं बाहेर पडतं. सपाटीवर ती गुमान चालते, उभ्या उभ्या तर अगदी तालात. पण मागे माणूस, पुढे धान्याचं पोतं आणि समोर चढ आला की मूठ कितीही पिळा, गाडी झटके मारते. वाशिम जिल्ह्यात चेतक, एम-८०, लुना अजूनही शेतरस्त्यांवर भेटतात, आणि त्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही.

मेकॅनिक प्लग काढतो, कॅप लावून इंजिनाला टेकवतो, किक मारतो. निळसर ठिणगी पडते. "करंट तं बराबर देऊन राह्यला, भाऊ!" प्लग निर्दोष सुटतो आणि कार्बोरेटर उघडला जातो.

ही चाचणी फसवी आहे, आणि ती का फसवी आहे याचं उत्तर १८८९ सालापासून उपलब्ध आहे. त्या वर्षी फ्रिडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी उडवायला लागणारं व्होल्टेज हे दोन टोकांमधलं अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटर धरला, तर उघड्या हवेत सुमारे तीन हजार व्होल्टमध्ये काम होतं. सिलिंडरच्या आत मात्र पिस्टनने हवा-पेट्रोलचं मिश्रण सात-आठ पट दाबलेलं असतं. तिथे त्याच गॅपला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागू शकतात. म्हणजे बाहेरची ठिणगी एवढंच सांगते, की कॉइल पूर्णपणे मेलेली नाही. प्लगबद्दल ती फारसं काही सांगत नाही.

घाटाचं कोडंही इथेच सुटतं. मूठ बंद असताना सिलिंडरमध्ये थोडंच मिश्रण शिरतं, दाब कमी राहतो, झिजलेला प्लगसुद्धा निभावून नेतो. चढावर मूठ पूर्ण उघडली की सिलिंडर भरतो, दाब वाढतो, आणि व्होल्टेजची मागणी कॉइलच्या आवाक्याबाहेर जाते. ठिणगी चुकते. यालाच आपण 'मिसिंग' म्हणतो.

आता झीज कशी होते ते पाहू. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर पाच हजार ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडच्या धातूचा सूक्ष्म कण उडवून नेते. दुष्परिणाम दोन. गॅप वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा कुणी बघत नाही: नव्या प्लगच्या टोकाच्या कडा धारदार असतात, त्या हळूहळू गोल होतात. विद्युतक्षेत्र धारदार कडेवर एकवटतं, म्हणून तिथून ठिणगी सहज सुटते. गोलसर टोकाला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे टोक ठोकून गॅप जमवला, तरी अर्धाच उपाय होतो. जुने मिस्त्री साध्या निकेलच्या प्लगचं टोक कानशीने सपाट करत. त्यांना पाशेन ठाऊक नसेल, पण उपाय शास्त्रशुद्ध होता. हाच प्रयोग इरिडियमच्या बारीक टोकावर केला तर मात्र प्लग गेलाच म्हणायचा.

वायरब्रशने प्लग घासण्याचीही एक मेख आहे. पांढऱ्या सिरॅमिकवर ब्रशच्या धातूचे ओरखडे उमटतात आणि करंटला चोरवाट मिळते. काजळीही तेच करते. कार्बन वीजवाहक असल्याने व्होल्टेज चढण्याआधीच करंट सिरॅमिकवरून बॉडीत उतरतो. पॉइंटवाल्या जुन्या इग्निशनच्या गाड्यांमध्ये व्होल्टेज सावकाश चढतं, म्हणून त्यांना काजळीचा त्रास जास्त. सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यावर तो बराच घटला.

रंग वाचायचा तर गाडी दोन-तीन किलोमीटर ओझ्यासकट पळवावी, चालत्या गाडीत क्लच दाबून इंजिन बंद करावं आणि कडेला थांबावं. घरासमोर दहा मिनिटं चालू ठेवून काढलेला कोणताही प्लग काळाच दिसेल. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग चांगला. कोरडी मखमली काजळी असेल तर आधी एअर फिल्टर बघा. उन्हाळ्यातल्या कच्च्या रस्त्याची धूळ बसली की हवा कमी पडते आणि मिश्रण पेट्रोलने गच्च होतं. फोर-स्ट्रोकमध्ये काळा तेलकट थर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल वर येतंय; तिथे नवा प्लग घालणं पैसे वाया घालवणं आहे. पांढराफटक, फोड आलेला सिरॅमिक सर्वांत धोक्याचा. प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर काजळी आपोआप जळते, पण ते ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीची वाट न बघता ते टोकच मिश्रण पेटवू लागतं. पिस्टनला भोक पडतं ते अशाने.

मात्र या रंगांचा जुना हिशेब आता थोडा बदलावा लागेल. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे आणि इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग ऑक्सिजनच असतो. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचा जेट तेवढाच राहतो, मिश्रण किंचित पातळ होतं आणि प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. नुसत्या फिकटपणाने घाबरायचं कारण नाही. फोड किंवा वितळलेलं टोक दिसलं तर जेट तपासून घ्यावा.

प्लग बदलताना कंपनीच्या नंबरावर लक्ष हवं. एनजीकेचा आकडा जसा मोठा, तसा प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडणारा. बॉशचं नेमकं उलट. मायको म्हणून वर्षानुवर्षे ओळखला गेलेला प्लग बॉशच्याच घरचा, तेव्हा दुकानदाराने 'त्याच नंबराचा' म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर घेऊ नये. इंजिन थंड झाल्यावर आधी भोकाभोवतीची माती फुंकून काढावी आणि नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवावा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. प्लग तिरका बसला आणि वर पाना मारला, तर शे-दीडशेच्या कामापायी हेड उतरवून आटे पाडून घ्यावे लागतात.