दावा मागे घेताय? आधी परवानगी मागा

रायपूरच्या बूढापाऱ्यात 1877 च्या सुमारास नरेंद्र दत्त नावाचा मुलगा आईवडिलांसोबत राहत होता. वडील विश्वनाथबाबू वकील. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे खटले लढवले. पण 1884 मध्ये ते गेले आणि त्यांच्याच कुटुंबाला कोलकात्यातील वडिलोपार्जित घरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. 1887 मध्ये निकाल आईच्या बाजूने लागला, तरी नातलगांतले भांडण धुमसतच राहिले. ते मिटले 1902 मध्ये, आपसांतील तडजोडीने. तोवर नरेंद्र स्वामी विवेकानंद म्हणून जगाला ठाऊक झाले होते. त्याच वर्षी 4 जुलैला त्यांचे निधन झाले.

असे वाद आजही घरोघरी आहेत. तारखांना कंटाळून, कधी आईच्या डोळ्यांतले पाणी पाहून, कधी भाचीच्या लग्नात सगळे एकत्र आले म्हणून एखादा भाऊ म्हणतो, “जाऊ दे, दावा काढून घेतो.” विचार चांगलाच आहे. पण घाईत केलेली एक सही पुढे महाग पडू शकते.

हक्क आहे, पण…

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 23, नियम 1 नुसार वादी आपला दावा, किंवा त्याचा काही भाग, केव्हाही सोडून देऊ शकतो. मात्र वादी अनेक असतील तर इतरांच्या संमतीशिवाय एकट्याला तो काढून घेता येत नाही. वादी अज्ञान असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते.

खरी मेख पुढे आहे. नवीन दावा करण्याची मुभा न मागता तुम्ही दावा काढून घेतलात, तर त्याच विषयावर त्याच प्रतिवादीविरुद्ध पुन्हा दावा लावता येत नाही. शिवाय समोरच्याचा खर्चही तुमच्यावर बसू शकतो. भावाने उद्या शब्द फिरवला, तर तुमच्या हाती काय उरणार?

ही मुभा मागितली म्हणजे मिळतेच, असेही नाही. दाव्यात तांत्रिक दोष असल्याचे किंवा अन्य पुरेसे कारण असल्याचे न्यायालयाला पटावे लागते.

सरगुजाचा धडा

सरगुजा ट्रान्सपोर्ट सर्व्हिस या कंपनीला हा धडा मिळाला. सरगुजा तेव्हा मध्य प्रदेशात होते, आता छत्तीसगडमध्ये आहे. कंपनीने उच्च न्यायालयातील आपली रिट याचिका अशी मुभा न घेताच काढून घेतली आणि नंतर पुन्हा याचिका केली. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी दाव्यामागचे तत्त्व तिथेही लावले आणि दुसरी याचिका चालणार नाही, असे सांगितले.

घड्याळ थांबत नाही

मुभा मिळाली तरी निश्चिंत राहू नका. मुदतीच्या हिशेबात पहिला दावा जणू झालाच नव्हता, असे धरले जाते. उसने दिलेल्या पैशांसाठी साधारण 3 वर्षांची मुदत असते. त्यातली 2 वर्षे पहिल्या दाव्यात गेली असतील, तर ती परत मिळत नाहीत.

मग करायचे काय?

खरोखर समेट झाला असेल, तर नुसता दावा काढून घेऊ नका. कोणाला काय मिळणार, केव्हा मिळणार, हे लिहून सर्वांच्या सह्या घ्या. ती तडजोड न्यायालयापुढे ठेवून तिच्यानुसार हुकूमनामा मागा. लोकअदालतीचा मार्गही आहे. तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते आणि प्रलंबित दाव्याची भरलेली कोर्ट फी परत मिळते.

लेखी मागितले म्हणजे भावावर विश्वास नाही, असे समजून संकोच करू नका. आज दोघांच्या मनात जे स्पष्ट आहे, ते कागदावर राहिले तर उद्या मुलांना त्यावरून भांडावे लागणार नाही.