एका गीताचा कर्ता : रॉबी व्हान लेवेन

एखादे गीत लोकप्रिय झाले की ते गाणाऱ्याचे नाव घरोघर पोचते. ते गीत कोणी रचले, त्याची चाल कोणी बांधली आणि ते ध्वनिमुद्रिकेवर कसे उतरावे हे कोणी ठरविले, याची चौकशी फार थोडे श्रोते करतात. वस्तुतः गीताचे आयुष्य आणि त्यापासून होणारा लाभ ह्या दोन्ही गोष्टी बव्हंशी ह्या पडद्यामागील व्यक्तीशी निगडित असतात. हे समजून घेण्यासाठी नेदरलँड्समधील गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रिका-निर्माते रॉबी व्हान लेवेन यांची कारकीर्द उपयोगी पडते.

व्हान लेवेन यांचा जन्म 1944 साली हेग येथे झाला. हेग म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे नगर, अशी आपली समजूत असते. परंतु 1960 नंतरच्या दशकात हे शहर डच लोकप्रिय संगीताचे एक प्रमुख केंद्र बनले होते. त्याचे एक कारण आशियाशी संबंधित आहे. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यानंतर तेथील सुमारे 3 लाख माणसे टप्प्याटप्प्याने नेदरलँड्समध्ये येऊन स्थायिक झाली. त्यांत डच आणि इंडोनेशियन अशा मिश्र वंशाची कुटुंबे पुष्कळ होती आणि त्यांपैकी अनेकांनी हेगमध्ये घर केले. ह्या समाजातील तरुणांनी गिटारवादनाची एक जोरकस शैली आपल्याबरोबर आणली. टीलमन बंधूंचा वाद्यवृंद हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. डच मुलांनी विद्युत-गिटार प्रथम ऐकली ती अनेकदा अशा वाद्यवृंदांकडूनच.

ह्या वातावरणात वाढलेले व्हान लेवेन ‘द मोशन्स’ ह्या वाद्यवृंदात गिटारवादक म्हणून दाखल झाले. गायक दुसरे होते. गीते रचण्याचे काम मुख्यतः व्हान लेवेन यांच्याकडे होते. 1965 साली त्यांच्या गीतांना देशात मान्यता मिळू लागली. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी युरोपातील बहुतेक वाद्यवृंद इंग्रज आणि अमेरिकन गीतांची नक्कल करण्यात धन्यता मानीत. गीताची भाषा इंग्रजी असली तरी रचना स्वतःची असावी, हा आग्रह व्हान लेवेन यांनी धरला.

1967 साली मोशन्स सोडून त्यांनी ‘शॉकिंग ब्लू’ हा नवा वाद्यवृंद स्थापन केला. पुढच्याच वर्षी त्यात मारिस्का व्हेरेस ह्या गायिकेचा प्रवेश झाला. मारिस्का हेगच्याच, त्यांचे वडील हंगेरीतील रोमा समाजातले व्हायोलिनवादक होते. ‘बंबल बीज’ नावाच्या एका वाद्यवृंदाबरोबर गात असताना त्यांचा भारदस्त, खालच्या पट्टीत खुलणारा आवाज जाणकारांच्या कानी पडला आणि त्यांना बोलावून घेण्यात आले. आता व्हान लेवेन यांच्याकडे स्वतःच्या गीतांना शोभेल असा आवाज आला.

ध्वनिमुद्रिका-निर्माता नेमके काय करतो, हे येथे सांगितले पाहिजे. भांडवल घालणारा तो निर्माता, असा अर्थ चित्रपटसृष्टीमुळे आपल्या मनात रुजलेला आहे. ध्वनिमुद्रिकेच्या क्षेत्रात निर्मात्याचे काम दिग्दर्शकासारखे असते. गीताची लय किती असावी, कोणते वाद्य पुढे आणि कोणते मागे ठेवावे, गायकाचे कोणते आवर्तन स्वीकारावे, हे सर्व तो ठरवितो. व्हान लेवेन हे रचनाकारही होते आणि निर्मातेही. त्यामुळे त्यांच्या मनातील गीत आणि प्रत्यक्ष तबकडीवरील गीत यांत फारसे अंतर पडत नसे.

ह्या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे 1969 सालचे ‘व्हीनस’ हे गीत. विद्युत-गिटारच्या द्रुत, तुटक आघातांनी त्याची सुरुवात होते आणि रोमन प्रेमदेवतेचे वर्णन करणारे शब्द मारिस्कांच्या ठाम स्वरात ऐकू येतात. ‘देवी’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिताना व्हान लेवेन यांच्या हातून एका अक्षराची चूक झाली. गायिकेने कागदावर होते तसेच गायिले आणि ती चूक तबकडीवर कायमची राहिली.

नेदरलँड्समध्ये हे गीत पहिल्या क्रमांकापर्यंत पोचले नाही. परंतु जेरी रॉस ह्या अमेरिकन निर्मात्याने ते आपल्या ‘कलॉसस’ ह्या संस्थेतर्फे तिकडे प्रसिद्ध केले आणि फेब्रुवारी 1970 मध्ये ते अमेरिकेतील खपाच्या यादीत अग्रस्थानी गेले. कोणत्याही डच वाद्यवृंदाला हा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता.

‘व्हीनस’ची चाल मात्र पूर्णपणे नवी नव्हती. स्टीफन फॉस्टर ह्या अमेरिकन गीतकाराचे ‘ओ सुझॅना’ हे गीत 1848 साली प्रसिद्ध झाले होते. 1963 साली ‘द बिग थ्री’ ह्या अमेरिकन त्रयीने फॉस्टरचे शब्द घेऊन त्यांना एक वेगळीच चाल दिली आणि ‘द बँजो साँग’ ह्या नावाने ते गीत ध्वनिमुद्रित केले. ही चाल त्रयीतील टिम रोझ याने बांधली होती. ती आणि ‘व्हीनस’ एकापाठोपाठ ऐकल्यास दोहोंतील साम्य सामान्य श्रोत्यालाही जाणवते. एकाने जुन्या शब्दांना नवी चाल दिली आणि दुसऱ्याने त्या चालीच्या वळणावर नवे शब्द, नवा ठेका आणि नवा आवाज बसविला. ‘व्हीनस’च्या तबकडीवर रचनाकार म्हणून एकट्या व्हान लेवेन यांचेच नाव आहे. ऋण कोठे संपते आणि नवनिर्मिती कोठे सुरू होते, ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर संगीतात सापडत नाही. लोकसंगीतात चाली हस्तांतरित होतच असतात. पण त्यांवर पैसा मिळू लागला की हाच प्रश्न न्यायाचा बनतो. स्वतः फॉस्टर 1864 साली न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा त्याच्या खिशात 38 सेंट होते. आपल्या गीतांच्या अफाट लोकप्रियतेच्या मानाने त्याला मिळालेले धन अगदीच तुटपुंजे होते.

व्हान लेवेन यांच्या पिढीची स्थिती वेगळी होती, कारण दरम्यानच्या काळात स्वामित्वहक्काचा कायदा दृढ झाला होता. ह्या कायद्याने दोन हक्क वेगळे मानले आहेत. पहिला रचनेचा, म्हणजे शब्दांचा आणि चालीचा. दुसरा विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तेच गीत दुसऱ्या कोणी नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर रचनाकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला स्वामित्वधन मिळते. मूळ गायकाला त्या नव्या तबकडीपासून काहीही मिळत नाही.

ह्या भेदाचे एक मजेदार उदाहरण ‘व्हीनस’नेच पुरविले. त्याचे प्रकाशन-हक्क विलेम व्हान कोटेन ह्या डच प्रकाशकाकडे होते. एका दुकानात त्यांनी अनेक लोकप्रिय गीतांचे तुकडे एकत्र जोडलेली तबकडी ऐकली. तीत ‘व्हीनस’चाही तुकडा होता आणि त्यासाठी त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. तबकडी अनधिकृत होती, पण कल्पना चांगली होती. व्हान कोटेन यांनी ती कायदेशीर मार्गाने साकार करण्याचे ठरविले आणि हे काम याप एगरमॉन्ट यांच्याकडे सोपविले. एगरमॉन्ट पूर्वी हेगच्याच ‘गोल्डन इअरिंग’ ह्या वाद्यवृंदात तालवादक होते आणि नंतर निर्माते झाले होते. त्यांनी मूळ ध्वनिमुद्रणे वापरली नाहीत. गायकांकडून बीटल्सच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करवून, सर्व तुकडे एकाच अखंड ठेक्यावर गुंफून, त्यांनी ‘स्टार्स ऑन 45’ ही मालिका सिद्ध केली. जून 1981 मध्ये तिची पहिली तबकडी अमेरिकेत अग्रस्थानी पोचली. तेथे तबकडीच्या शीर्षकात सर्व गीतांची नावे छापावी लागल्याने ते शीर्षक 41 शब्दांचे झाले. त्या तबकडीत ‘व्हीनस’चा अंश होता.

1986 साली ‘बनानारामा’ ह्या इंग्रज गायिकांच्या त्रयीने तेच गीत नव्या नृत्यसंगीताच्या थाटात सादर केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुन्हा अमेरिकेत पहिले ठरले. अशा रीतीने 16 वर्षांच्या अवधीत एकच रचना तीन निरनिराळ्या रूपांनी शिखरावर गेली. मारिस्का व्हेरेस यांचा आवाज मात्र त्यांपैकी पहिल्याच रूपात होता.

1969 सालच्याच ‘अॅट होम’ ह्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत भारतीय वाचकाला विशेष वाटावे असे काही आहे. व्हान लेवेन त्यात गिटारबरोबर सतारही वाजवितात. शिवाय कलकत्त्यात जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार जॉन मेयर यांची ‘अक्का राग’ ही वाद्यरचना तीत समाविष्ट आहे. याच ध्वनिमुद्रिकेतील ‘लव्ह बझ’ हे गीत 1988 साली ‘निर्वाणा’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदाने आपली पहिली तबकडी म्हणून निवडले. तिच्या 1000 प्रतीच काढण्यात आल्या होत्या. पुढे निर्वाणा जगप्रसिद्ध झाला आणि ज्यांनी शॉकिंग ब्लूचे नावही ऐकले नव्हते अशा तरुणांपर्यंत हे गीत पोचले.

यशानंतरची वर्षे सुखाचीच होती असे नाही. प्रत्येक नवी तबकडी ‘व्हीनस’शी ताडून पाहिली जाऊ लागली. 1973 साली व्हान लेवेन वाद्यवृंदातून बाहेर पडले आणि 1974 साली तो विसर्जित झाला. त्यानंतर ‘गॅलक्सी-लिन’मध्ये त्यांनी मेंडोलिनला प्रमुख स्थान देऊन पाहिले. 1977 पासून ‘मिस्ट्रल’ ह्या नावाने त्यांनी विद्युत-वाद्यांवर आधारलेली गीते रचली व निर्मिली. त्यांतील ‘जेमी’ हे गीत नेदरलँड्समध्ये गाजले. त्यानंतर मात्र ते हळूहळू प्रकाशझोतापासून दूर गेले.

मारिस्का व्हेरेस 2006 साली निवर्तल्या. ‘व्हीनस’ ऐकताना जगाला आठवतो तो त्यांचा आवाज. कायदा ओळखतो तो रचनाकाराला. नेदरलँड्समध्ये रचनेवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षे टिकतो. भारतात तो 60 वर्षे टिकतो. फॉस्टरच्या वाट्याला जे आले ते पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. पण ज्या आवाजाने गीताला प्राण दिला आणि ज्या चालीच्या वळणावर ते उभे राहिले, त्यांचे श्रेय मोजण्याचे माप कायद्याच्या पुस्तकात पुरेसे सापडत नाही. ते श्रेय देण्याचे काम जाणत्या श्रोत्यालाच करावे लागते.