वार्धक्यातील बहिरेपणा व श्रवणयंत्राची निवड

“ऐकू येते, पण समजत नाही,” ही वृद्धांची तक्रार घरच्या मंडळींना पुष्कळदा बहाणा वाटते. वस्तुतः ती अगदी नेमकी असते. आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत सूक्ष्म केशपेशी असतात. उंच ध्वनी टिपणाऱ्या पेशी नलिकेच्या मुखाशी असून वयोमानाने बहुधा त्याच प्रथम नष्ट होतात, आणि मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ऐकू येतात. ‘स’, ‘श’ ही व्यंजने निसटतात. बाजारात ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत मग फरक उरत नाही!

मोठ्याने ओरडल्याने हे साधत नाही. सर्व ध्वनी सारखेच वाढविणारे स्वस्त यंत्रही ओरडण्याचेच काम करते. म्हणून कानात मळ वा अन्य विकार नाही याची वैद्याकडून खात्री करून घेऊन श्रवणतज्ज्ञाकडून श्रवणालेख काढावा. यंत्र त्या आलेखाप्रमाणे जुळविता येते किंवा नाही, हे त्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे होय. दोन्ही कान मंदावले असल्यास सहसा दोन यंत्रे लागतात. बॅटरीचा खर्च निराळाच. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांस २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र विनामूल्य देण्याची तरतूद आहे.

पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. तेव्हा यंत्र पेटीत न टाकता पुन्हा जुळवून घ्यावे लागते. या पुढच्या खेपांचे पैसे किमतीत धरले आहेत काय, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.