काउआईची ७२ मुलं

मारहाणीचे वळ दिसतात. शेजारी हळहळतात, कुणी मध्येही पडतं. आबाळीची खूण मात्र अंगावर उमटत नाही. घरात आई असते, बाप असतो, ताटात भात असतो. पण मूल शाळेतून आलं काय नि न आलं काय, कुणाची मान वळत नाही. असं बालपण काढलेल्यांना मोठेपणी हटकून ऐकावं लागतं, ‘तुला कमी काय होतं?’

काय कमी होतं, हे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवलं. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळत असते. मग सांगितल्याप्रमाणे ती दोन-तीन मिनिटं त्याच्याकडे नुसती पाहत राहते, चेहऱ्यावर कसलाही भाव येऊ न देता. बाळ आधी हसून बघतं, हुंकारतं, हात पुढे करतं. तरी काही होत नाही म्हटल्यावर ते नजर वळवतं आणि अंग सैल सोडून देतं. कुणी त्याला हातही लावलेला नसतो. प्रयोगातली मिनिटं संपतात, आई पुन्हा हसते, बाळही काही वेळात सावरतं. काही घरांमध्ये ती वर्षानुवर्षं संपत नाहीत.

(हे वाचून ज्या आईबापांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांच्यासाठी ट्रॉनिक यांचंच आणखी एक निरीक्षण. चांगल्या नात्यातल्या मायलेकरांचेही सूर जेमतेम एक तृतीयांश वेळ जुळतात. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो. अधूनमधून होणाऱ्या चुकामुकीला आबाळ म्हणत नाहीत.)

मग अशा घरातली मुलं पुढे सावरतात का? कशी? याचं सगळ्यात धीराने शोधलेलं उत्तर पॅसिफिक महासागरातल्या काउआई या बेटावरून आलं. हवाई द्वीपसमूहातलं हे बेट त्या काळी ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर जगत होतं. मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांचे पूर्वज जपान, फिलिपाइन्स अशा ठिकाणांहून आलेले. मूळ हवाईयन कुटुंबंही होतीच. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांची नोंद ठेवायचं ठरलं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी ती मुलं एक, दोन, दहा, अठरा, बत्तीस आणि चाळीस वर्षांची असताना त्यांची पुन्हा पुन्हा गाठ घेतली. वर्नर यांचं स्वतःचं बालपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीत गेलं होतं.

यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला पहिल्या दोन वर्षांतच चार किंवा अधिक संकटं आली होती : गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली सततची भांडणं, दारू पिणारे किंवा मनाने आजारी असलेले पालक. या जोखमीच्या गटातली दोन तृतीयांश मुलं अठराव्या वर्षापर्यंत अडचणीत सापडली. कुणाचं शिक्षण रखडलं, कुणाचं नाव पोलिसांच्या दप्तरी गेलं. पण उरलेली ७२ मुलं, म्हणजे ४२ मुली आणि ३० मुलगे, शिकली, कामाला लागली, माणसांत मिसळणारी झाली. चाळिशीत त्यांच्यातलं एकही बेकार नव्हतं आणि एकावरही गुन्हा नव्हता.

आपल्याकडे अशी गोष्ट ऐकली की पहिला शब्द येतो तो ‘जिद्द’. मला हा शब्द इथे टोचतो. ती ७२ मुलं जिद्दीने वर आली म्हटलं, की उरलेल्यांना जिद्द नव्हती असं आपण न बोलता म्हणून मोकळे होतो. वर्नर यांच्या नोंदी वेगळंच सांगतात. यातली बरीच मुलं तान्हेपणी हसरी, शांत स्वभावाची होती, म्हणून लोकांना ती जवळ घ्यावीशी वाटत. हे तर निव्वळ नशीब. आणि जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात आईबापांखेरीज एक तरी माणूस होतं : आजी-आजोबा, मावशी, थोरली बहीण, शेजारीण. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाचं नावही ही माणसं मोठेपणी आवर्जून घेत. मुलाचा जीव जडावा एवढं स्थिर कुणीतरी त्यांना मिळालं होतं.

आणखी एक गोष्ट नोंदींत दिसते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. यातल्या अनेकांवर लहानपणीच एखादं खरंखुरं काम पडलं होतं, धाकट्या भावंडांना सांभाळायचं किंवा घरातल्या आजारी माणसाचं बघायचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हा अनुभव त्यांना त्यातून मिळाला. ही दुधारी गोष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलीवर अख्ख्या घराचं ओझं टाकणं ही आबाळच, आणि तिचं कौतुक करून ती झाकता येत नाही. पण झेपेल एवढं काम आणि ते केल्याची कुणीतरी घेतलेली दखल, यांनी मूल उभं राहतं.

अठराव्या वर्षी अडचणीत असलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे या अभ्यासाचं सर्वांत दिलासा देणारं पान आहे. चाळिशीपर्यंत त्यांच्यातलेही बहुतेक सावरले होते, त्यातही स्त्रिया अधिक. कुणी नोकरी करता करता पुन्हा कॉलेजात गेलं, कुणी सैन्यात भरती झालं, कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कुणाला श्रद्धेच्या आधाराने माणसांचा गोतावळा लाभला. काहींना जिवावरच्या दुखण्यातून उठल्यावर नवं वळण सापडलं. मानसोपचाराची मदत फार थोड्यांना मिळाली होती. म्हणून मानसोपचार निरुपयोगी ठरत नाहीत. दारं पुष्कळ असतात आणि ती विशी-तिशीतही उघडतात, एवढं यातून नक्की म्हणता येतं.

सावरणं म्हणजे झालेलं पुसलं जाणं का? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकल मीनी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर केलेलं काम याबाबत बरंच शिकवतं. जन्मानंतर रोज काही तास आईपासून दूर ठेवलेली पिल्लं मोठेपणी ताणाला फार लवकर बिचकतात. अशा पिल्लांना वयात येण्याच्या सुमाराला सोबती, खेळ आणि हिंडायला भरपूर जागा दिली. त्यांचं बिचकणं नाहीसं झालं. मेंदूत मात्र ताणाचा संदेश देणाऱ्या एका रसायनाचं वाढलेलं प्रमाण तसंच होतं. मेंदूने जुनी वाट मोडली नव्हती, शेजारून दुसरी पाडली होती. उंदरांवरून माणसाविषयी सगळं सांगता येत नाही, तरीही आबाळीतून सावरलेल्या माणसांना हे वाचून ओळख पटेल. सगळं नीट चाललेलं असतं, आणि समोरच्याच्या नुसत्या अबोल्याने छातीत धस्स होतं.

काउआईच्या ७२ जणांनीही किंमत मोजली होती. आईबापांच्या घरच्या कटकटींपासून त्यांनी स्वतःला अंतरावर ठेवलं होतं. ‘कितीही झालं तरी जन्मदाते’ म्हणणाऱ्या आपल्या समाजात असं अंतर राखणाऱ्या मुलाला कृतघ्न ठरवतात. त्या अंतरानेच कित्येकांना तारलं, हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

शरीरही हिशोब ठेवतं. जॉर्जिया विद्यापीठातले जीन ब्रॉडी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण कृष्णवर्णीय कुटुंबांसोबत वर्षानुवर्षं काम करत आहेत. हलाखीत वाढूनही स्वतःवर कमालीचा ताबा ठेवून पुढे गेलेली तरुण मुलं वरून उत्तम दिसत होती : अभ्यासात चांगली, नैराश्य कमी, व्यसनं कमी. पण तपासण्यांत त्यांच्याच शरीरावर ताणाच्या झिजेच्या खुणा अधिक आढळल्या. एकट्याने, दात-ओठ खाऊन वर येण्याचा हा खर्च आहे. अशा माणसाने चाळिशीची वाट न पाहता रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, आणि डॉक्टरांनीही कधीतरी विचारावं की लहानपणी तुमच्याकडे कोण बघायचं.

ब्रॉडी आणि त्यांचे सहकारी नुसतं मोजून थांबले नाहीत. अकरा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांना त्यांनी सात आठवडे, आठवड्यातून एकदा, एकत्र बोलावलं. मुलाशी बोलायचं कसं, घरात नियम ठेवूनही जवळीक कशी राखायची, याचा सराव घेतला. आठ वर्षांनी, ती मुलं एकोणीस वर्षांची असताना, त्यांचं रक्त तपासलं. त्या बैठकांना न बोलावलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या रक्तातली दाहाची चिन्हं कमी होती, आणि ज्या घरांतलं आईबापांचं वागणं बदललं होतं, तिथे हा फरक ठळक होता.