पाठीचा बाक आणि पोटाची तक्रार

शिक्षक मंडळी, तुमच्या वर्गात तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी असेल, जिचा एक खांदा दुसऱ्याहून जरा वर दिसतो. तिला पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच आलेली दिसली, तर तिच्या आईबापांना डॉक्टरकडे जायला सांगावे. या तपासणीला सामान काही लागत नाही.

कण्याच्या या आडव्या बाकाला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. उतरंडीची मडकी मधेच एका अंगाला सरकावीत, तसे मणके सरकतात आणि थोडे पिळलेही जातात. क्ष-किरणाच्या चित्रात बाक १० अंश किंवा त्याहून अधिक भरला, की त्याला हे नाव देतात. वाढीच्या वयातल्या शंभर मुलांत दोघा-तिघांना तो असतो, आणि बहुतेकांना तो का आला हे सांगता येत नाही. दप्तराच्या ओझ्याने येतो, ही समजूत मात्र खरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाठीचा आणि पोटाचा संबंध काय? मलाही पूर्वी असेच वाटे. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण माझ्या भाचीला तेराव्या वर्षी पट्टा बसला आणि मला या विषयात शिरावे लागले. पट्टा म्हणजे काखेपासून कमरेपर्यंतचे प्लॅस्टिकचे कवच. बाक साधारण २५ ते ४० अंशांचा असेल आणि वाढ अजून व्हायची असेल, तर तो देतात. दिवसाचे अठरा-अठरा तास तो अंगावर ठेवायचा. पोर ताटावर बसे, अर्धी भाकरी खाई आणि ताट सरकवून देई. "पोट भरलं," म्हणे. आम्ही त्याला नखरे म्हणालो. आजीने ओव्याची फंकी दिली. दोन महिन्यांत पोरगी वाळली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

बाक लहान असेल तर पचनाशी त्याचा सहसा संबंध नसतो, हे आधी सांगून ठेवतो. अशा मुलाचे पोट दुखले, तर जंत, शिळे अन्न, परीक्षेची धास्ती अशी जी कारणे इतर मुलांची, तीच त्याचीही. सगळे पाठीवर ढकलू नये. पण पट्टा पोटाला पुढून दाबतो. जठराला फुगायला जागा राहत नाही, दोन घासांत पोट गच्च होते आणि आंबट पाणी घशाशी येते. शिवाय भाची शाळेत पाणीच पीत नसे. पट्टा सोडून संडासला जायचे, पुन्हा बांधायचा, आणि बाहेर मुली उभ्या! मग बद्धकोष्ठ होणारच.

यावर उपाय पट्टा फेकून देणे हा नव्हे. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. बाक ५० अंशांच्या आसपास गेला, की शस्त्रक्रियेची गोष्ट निघते. म्हणून पट्टा करणाऱ्याकडे परत जावे, पोटाशी कुठे रुतते ते दाखवावे, आणि जेवताना तो सैल केला तर चालेल का, हे विचारून घ्यावे. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरची एक तक्रार मात्र थांबण्यासारखी नाही. लहान आतड्याचा पहिला भाग, ग्रहणी, मुख्य रोहिणी आणि तिच्यातून फुटून खाली उतरणारी आतड्याची रोहिणी यांच्या बेचक्यातून जातो. त्या बेचक्यात चरबीची गादी असते. कणा सरळ केला, की धड लांबते आणि बेचके अरुंद होते. मूल काटकुळे असेल तर गादीही नसते. मग शेतातल्या रबरी नळीवर पाय पडावा तसे आतडे दाबले जाते. पूर्वी प्लॅस्टरचे कवच घातल्यावरही हेच होई; १८७८ साली विलेट या डॉक्टरने अशा ओकाऱ्यांनी दगावलेल्या रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे.

खूण लक्षात ठेवा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत, क्वचित त्यानंतरही, खाल्ल्यावर पोट तट्ट फुगते, हिरवट-पिवळ्या ओकाऱ्या होतात, आणि डाव्या कुशीवर किंवा पालथे निजले की जरा बरे वाटते. अशा वेळी एरंडेल देऊ नका, काढाही नको. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. वेळेत पोहोचले तर बहुतेक मुले नळीने जठर रिकामे करून आणि पोषण देऊन, पुन्हा शस्त्रक्रिया न करता बरी होतात. नुसता मलावरोध मात्र वेदनाशामक औषधांनीही होतो. त्याला डॉक्टर औषध देतात, आणि ते सांगतील तसे चालणे-फिरणे सुरू केले म्हणजे पोट हलते.

भाचीच्या वर्गशिक्षिकेने तिला दुसऱ्या तासानंतर डबा उघडायची परवानगी दिली, आणि शिक्षकांच्या खोलीमागच्या संडासाची किल्ली तिच्याजवळ ठेवली. वर्गातल्या मुलांनी दोन दिवस कुजबुज केली, तिसऱ्या दिवशी विसरली. दिवाळीपर्यंत पोरीचे वजन भरून आले.