नर्सिंगच्या मुली वस्तीत येतात तेव्हा

आपल्या समाजातल्या अनेक मुली आज एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करत आहेत. या अभ्यासक्रमांत सामुदायिक आरोग्य हा विषय असतो. त्यासाठी विद्यार्थिनींना घरोघरी जावे लागते. प्रशिक्षणाचा हाच भाग अनेकदा रजिस्टर भरून उरकला जातो, असे आम्हा कार्यकर्त्यांना दिसते.

इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, प्रसूतीच्या नोंदी वॉर्डात शिकता येतात. रुग्णाचे घर तिथे दिसत नाही. गृहभेटीची शिस्त ठरलेली आहे: वर्तमानपत्र अंथरून त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच साहित्य काढायचे. पण हात धुवायला त्या घरात पाणीच नसेल तर? समाजशास्त्र इथून सुरू होते.

तुळजापूर तालुक्यातले तामलवाडी सोलापूरच्या रस्त्यावरचे गाव. मोठे दुखणे आले की इकडची माणसे सोलापूर गाठतात. धाराशिव, बीडच्या कोरडवाहू भागातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा बाईला 'रक्त कमी आहे, विश्रांती घ्या' एवढेच सांगून काय होणार? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. ऑपरेशन दवाखान्यात झाले, पण त्याचे कारण फडात होते.

जातीचा प्रश्नही आहेच. भेटी रस्त्याकडेच्या घरांवरच थांबल्या, तर गावकुसाबाहेरची वस्ती नोंदीतही बाहेरच राहते. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये नेमक्या अशा वस्त्यांतले रुग्ण यशवंतच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या.

तरुणांनी एवढे करावे. विद्यार्थिनी आल्या की विहार उघडून द्या, त्यांच्यासोबत फिरा. गरोदर कोण, कुणाच्या बाळाची लस राहिली, टीबीच्या गोळ्या कुणी मध्येच सोडल्या, हे वस्तीतल्यांनाच माहीत असते. यादी आशाताईंबरोबर बसून करा. टीबीचे नाव मात्र चारचौघांत घेऊ नका. टोळ्या निघण्याआधीच्या आठवड्यात ही भेट ठरली, तर गरोदर बाईचे माता-बाल कार्ड पूर्ण भरून तिच्या पिशवीत जाईल, आणि कारखान्याजवळच्या दवाखान्यात तिला पहिल्यापासून सगळे सांगत बसावे लागणार नाही.